समुद्राकडची भिंत

बेटावरचं चर्च तीनशे वर्षांचं. डावा मनोरा उजव्यापेक्षा हातभर बुटका. बांधता बांधता जमीन खचली, म्हणून तिथंच आवरतं घेतलं म्हणतात. आतली कमान मात्र अशी, की वेदीपाशी कुजबुजावं आणि शेवटच्या बाकावर स्वच्छ ऐकू यावं. कुणाही नटाला मोह पडावा असं दालन! होड्यांतून आणलेला दगड, दोन हात जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा.

तो गिलावा राखायचं काम सासऱ्यांकडून थापीमामांकडे आलं. थापी घरच्यांपेक्षा लाडकी, म्हणून हे नाव. सत्तरी आली तरी मामांना ध्यास एकच: यंदाच्या मोठ्या दुरुस्तीचा मुख्य गवंडी आपण व्हायचं.

दुरुस्तीसाठी आलेल्या तज्ज्ञ बाईंनी समुद्राकडच्या भिंतीवर टकटक केली. आवाज पोकळ आला. पोपडा हातात निघाला आणि मागचा दगड साखरेसारखा भुरभुरला.

"अहो, हे सिमेंट! चुन्यातून खारा ओलावा बाहेर पडतो, यानं तो आत कोंडला. कुणाचे हे उद्योग?"

"तीस वर्षांपूर्वीचं हे. तेव्हा काम मामांच्या सासऱ्यांकडे होतं," फादर म्हणाले. "उतारवय, नजर अधू झालेली..."

मामांची बायको चहा घेऊन दारात उभी होती. वडिलांबद्दलचं ते वाक्य ऐकून तिनं किटली खाली ठेवली. मामा गप्प राहिले असते, तर काम त्यांचंच होतं. मेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार?

मामांनी घसा खाकरला.

"सासरे नव्हेत. मी केलं. ते दोन महिने अंथरुणाला खिळलेले. चुना मुरवत बसायचा मला कंटाळा, वर बहाद्दरी दाखवायची हौस. पोती आणली, पाच दिवसांत भिंत आरशासारखी! ते बरे होऊन आले, भिंतीवरून हात फिरवला, म्हणाले, 'गुळगुळीत झालीय.' मी ती शाबासकी समजलो! पुढं मीठ फुटायला लागलं तेव्हा डोळे उघडले, पण तोवर ते गेले होते. मग दरसाल वरून सफेदी मारत राहिलो."

"तीस वर्षं!" बायको म्हणाली. "माझ्या बाबांच्या नावावर खपवलंत?"

"कुणी विचारलंच नाही गं."

"आणि आज मी दारात नसते तर?"



बाईंनी मुख्य गवंडी दुसराच नेमला. मामांच्या वाट्याला आलं फक्त सिमेंट खरवडून काढणं, तेही त्याच्या हाताखाली. घरी बायकोचा अबोला. डबा मात्र वेळेवर यायचा. दगडाचा टवका उडू नये म्हणून मामा छिन्नी अशी धरत, जणू झोपलेल्या माणसाच्या पायातला काटा काढताहेत. पहिल्या दिवशी वीतभर जागा मोकळी झाली.

"मामा, एवढंच?" बाईंनी विचारलं.

"घाई एकदा करून झालीय, बाई."