गायरानावरचं स्टेडियम

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार मीच लिहितो, लग्नपत्रिकांवर नावं घालायला गाव माझ्याकडंच येतं. त्या अक्षराचा मला फार तोरा होता.

येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून आमच्या गावाचं गायरान आहे. आहे कसलं, होतं. दिवसभर तिथं माझ्या वडिलांची, आबांची मेंढरं चरायची आणि शाळा सुटली की मी पोरांना फुटबॉल शिकवायचो. गोलाचे खांब म्हणजे दोन दगड. चेंडू कळपात शिरला की आबा तो काठीनं परत ढकलायचे आणि म्हणायचे, "मास्तर, माजी मेंढरं बी टीममदी घ्या की!" सख्खा बाप मला मास्तर म्हणायचा. आमच्या घरात मेंढरं सोडून पगार घेणारा मी पहिलाच, त्याचं त्यांना लई कौतुक.

मग सरपंचांनी बातमी आणली. एका मोठ्या शहरातल्या फुटबॉल क्लबात परदेशी कंपनीनं पैसा घातलाय, आणि तिला आपल्या गायरानावर स्टेडियम आणि पोरांसाठी अकादमी बांधायचीय. मोबाइलवर परदेशातल्या मॅच बघणारा माणूस मी. मला आभाळ ठेंगणं झालं.

पाहुणे आले. आम्ही त्यांना फेटे बांधले, शाल-नारळ दिला, हलगी वाजवली. आमच्याकडं कार्यक्रम म्हटला की हजेरीची वही फिरणारच. कुणाची सही राहिली तर त्याचा रुसवा वर्षभर पुरतो. वही फिरवायचं काम अर्थातच माझ्याकडं. सरपंच म्हणाले, "गुरुजी, पानाचा वरला भाग मोकळा सोडा. पाव्हण्यांची नावं मागनं लिव्हू." मी सोडला.

आबांना सही येत नाही. अंगठ्याला शाई लावताना त्यांनी विचारलं, "हितं वर काय लिव्हनार हायती?"

"काय न्हाय आबा. हजेरी हाय नुस्ती. उठवा अंगठा."

त्यांनी उठवला. मागं उभ्या असलेल्या मेंढपाळांनीही उठवला, कारण आबांनी उठवला होता.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीत त्याच पानाची झेरॉक्स पाहिली. वरच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात ठराव होता: गायरान स्टेडियमसाठी आणि भोवतालच्या विकासासाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. त्याखाली माझ्या देखण्या अक्षरात 'उपस्थितांच्या सह्या', आणि मग सगळ्यांच्या सह्या, अंगठे. मी तक्रार केली नाही. नोकरीला घाबरलो, हे सरळच सांगतो. शिवाय मनात होतं, निदान स्टेडियम तरी होईल.

ते झालं नाही. आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग कडेनं प्लॉट पाडले, मग कमान उभी राहिली. कमानीवर फुटबॉलचं चित्र आहे. परदेशी कंपनीनं क्लबातला आपला वाटा दुसऱ्या कुणाला तरी विकला, हे मी पेपरात दोन ओळींत वाचलं. प्लॉट तेवढे विकले जातायत. मधल्या जागेत बाभळी वाढल्यात, खाली हिरवंगार गवत आहे, आणि गेटवरचा वॉचमन मेंढरं आत सोडत नाही. आबांनी दिवाळीच्या आधी कळप बाजारात नेला. परत आले ते नुसती काठी घेऊन. माझ्यासमोरच ती कोपऱ्यात उभी केली आणि हातपाय धुवायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. धाराशिवच्या दवाखान्यातून मी संमतीचा कागद आणला, शाईची डबी उघडली आणि म्हणालो, "आबा, ऑपरेशनचा कागद हाय. अंगठा उठवा."

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. भिंत चाचपत चुलीपाशी गेले आणि तो माझ्या बायकोपुढं धरला. ती सातवी शिकलेली आहे.

"सूनबाई, वाच गं," ते म्हणाले. "पार वरपासनं वाच. समदं."