बाईंच्या दारावरची गाठ

बाईंना संगणकावर काढलेल्या दारातसुद्धा लाकडाची गाठ खरी वाटायला हवी असे. तयार नक्षी भरली की सगळ्या फळ्यांवर तीच गाठ, त्याच जागी उमटते. ते दिसलं की बाई कडाडत, “ही काय छापील साडी आहे? पूस सगळं!”

आयटीआयमध्ये त्यांनी मला शिकवलं होतं, म्हणून बाई. पुढे शहापुरात हार्डवेअरच्या दुकानावर त्यांनी ऑफिस थाटलं. घरं आखणाऱ्या त्या एकट्या आणि ती संगणकावर काढणारा मी एकटा. लाकडाची रेष न् रेष हाताने ओढायची, म्हणजे फाइल जड होई, संगणक अडून बसे आणि गिऱ्हाईक प्रिंटसाठी ताटकळे.

“बाई, सुतार हे बघतसुद्धा नाही,” मी वैतागून सांगे.

“मी बघते ना!”

किन्हवलीच्या एका घराने तर माझा अंत पाहिला. मुलाला जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. आई काही केल्या हो म्हणेना. बाई जाऊन त्यांच्या जुन्या सागवानी दाराचा फोटो घेऊन आल्या. “नव्या घराला हेच दार. फोटोवरून गिरव.” त्यात माझा अख्खा दिवस गेला. डोळे चुरचुरत होते आणि बाई म्हणाल्या, “कडीजवळची चीर राहिली.” चीर! नव्या घराच्या नकाशात!

मायलेक नकाशा बघायला आले. म्हातारीने बाकी काही पाहिलंच नाही. बोट थेट त्या चिरेवर ठेवलं. “हे आमचंच दार हाय गो.” मग मुलाकडे वळली. “हे लावनार असशील तं पाड घर. नाय तं नाय.”

मुलाने मान डोलावली. मी मात्र कपाळाला हात लावला. आता बाईंना कोण आवरणार? पुढे मुरबाडच्या एका गोठ्याच्या फाटकालाही त्यांनी रेषा काढायला लावल्या.

शेवटी मला कल्याणला नोकरी लागली. निघायच्या दिवशी बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “ही रेषा गाठीतून आरपार गेलीय. बाजूने वळव, मग जा.” वळवली. बस चुकली. मी धुसफुसत स्टँडवर आलो, तर मागोमाग बाई आल्या आणि दुसरी बस येईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

“तिथे तुला एवढा त्रास कुणी देणार नाही.”

“नाहीच देणार,” मी म्हणालो.

बस लागली. बाईंनी माझी पिशवी वर दिली. “मलाही आता उलटून बोलणारं कुणी नाही रे,” म्हणाल्या, आणि बस हलायच्या आत वळून चालू लागल्या.