लाल दोऱ्याचा गोल

रफूवाल्याच्या धंद्याचं दुर्दैव असं, की काम जितकं चांगलं तितकं ते कमी दिसतं. शिंप्याचा कोट दिसतो, सुताराची खुर्ची दिसते. रफूवाल्याचं भोक एकदा बुजलं की संपलं. गिऱ्हाईक कापड उजेडात धरणार, उलटसुलट करणार आणि म्हणणार, "अहो, इथं तर काही केलेलंच दिसत नाही!" आणि तोंड वाकडं करून निघून जाणार. आपल्या या रफूवाल्याने जिन्याखालच्या दुकानात, एका दिव्याखाली मान मोडून, आयुष्यभर हेच ऐकलं. डोळे अधू झाले तेव्हा दुकान बंद केलं. गिऱ्हाइकांबद्दल त्याची तक्रार नव्हती, ती बोलूनचालून परकी. पण एका माणसाने आपलं काम एकदा तरी नीट बघावं, असं त्याला फार वाटायचं. ते माणूस म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी.

मुलीला बापाच्या धंद्याची लाज वाटायची. मैत्रिणींना ती सांगायची, "बाबा कापडाच्या लाइनमध्ये आहेत." लग्न ठरताना सासरच्यांनाही तेच सांगितलं. बापाने मान डोलावली. करतो काय? फाटक्या कपड्यांचा बाप कोणाला मिरवायचा असतो?

मग वारं फिरलं. हाताने केलेल्या वस्तूंना एकाएकी भाव आला. नव्या हस्तकलांची प्रदर्शनं भरवणाऱ्या एका संस्थेत मुलगी कामाला लागली. लोकांना प्रदर्शन फिरवून दाखवायचं, प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगायची. नोकरी अजून कच्ची होती. एक दिवस ती घाईघाईने घरी आली.

"बाबा, आईची ती राखाडी शाल आहे ना अजून? तुम्ही म्हणता ना, तिच्यावर तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे म्हणून? ती लावू या प्रदर्शनात. आणि तुम्ही यायचं, स्टेजवर बसून बोलायचं!"

म्हाताऱ्याचं काळीज सुपाएवढं झालं.

त्या शालीची गोष्ट अशी. मुलगी अगदी लहान असताना तिने बापाची कात्री उचलली आणि शालीच्या ऐन मध्यातून बाहुलीच्या झग्यापुरता चौकोन कापून घेतला. शाल आईला तिच्या माहेरहून मिळालेली. आई ती छातीशी धरून रडली, आणि आईला रडताना बघून पोर इतकी हबकली की तापाने फणफणली. बापाने तो अख्खा हिवाळा, रोज दुकान उघडण्याआधी, शालीच्याच काठातले धागे उपसून तो चौकोन पुन्हा विणला. रेघेला रेघ जुळवली. मग शाल मुलीच्या पुढ्यात टाकून म्हणाला, "बघ बरं, कुठे काय कापलंय? तुला स्वप्न पडलं असेल." पोरीने शोध शोध शोधलं. काही सापडेना, तशी खुदकन हसली. आईनेही तोंडाला पदर लावला. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही, आणि आता आईही नव्हती.

"पण बाबा, रफू नेमकं कुठे आहे?" शाल पिशवीत कोंबत मुलीने विचारलं.

"शोध की! उलट्या बाजूने उन्हात धर, हात फिरव. सापडेल."

सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण म्हाताऱ्याला हाव सुटली होती. तिने अर्धा तास शाल मांडीवर घेऊन बसावं, जागा सापडावी, कात्री आठवावी आणि तिने बापाकडे बघावं, एवढीच ती हाव.

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं. पांढरे दिवे, कॉफीचा वास, कोपऱ्यात व्हायोलिन आणि गिटारवाले सूर जुळवत बसलेले. म्हातारा इस्त्रीचा कोट घालून मुलीच्या घोळक्यात मागे उभा राहिला. आधी वाकडी मडकी झाली, मग काचेचे मासे, मग बसता न येणारी एक खुर्ची. खुर्चीच्या पुढे भिंतीवर शाल. तिच्या खालच्या कोपऱ्यात जाड लाल दोऱ्याने एक गोल शिवलेला.

"या गोलात बघा," मुलगी सांगत होती. "माझ्या आईची शाल. दाराच्या खिळ्याला अडकून टरकन फाटली. माझे बाबा टेक्स्टाइल आर्टिस्ट आहेत. त्यांनी ती कशी सांधली, बघा!"

माणसं वाकली, डोळे बारीक करून बघू लागली. "कमाल आहे!" "खरंच काही दिसत नाही!"

दिसणार कुठून? तो कोपरा जन्मात कधी फाटलाच नव्हता. सगळ्यांच्या नजरा मधल्या चौकोनावरून सरकत कोपऱ्याकडे जात होत्या. म्हाताऱ्याला गोलाचं तितकं वाटलं नाही. खिळा मात्र त्याला लागला. तिने शोधलंही नव्हतं आणि तिला आठवलंही नव्हतं. आठवू नये म्हणून तर त्याने हिवाळाभर डोळे फोडले होते. आता रडायचं कोणाच्या नावाने?

तेवढ्यात त्याला स्टेजवर बोलावलं. समोरच्या तरुणाने विचारलं, "रफू म्हणजे तुमच्या दृष्टीने नेमकं काय?"

"भोक बुजवणं."

लोक खळखळून हसले. त्याने विनोद केला नव्हता.

मग एक बाई उठल्या. "आजोबा, आम्ही भिंग लावून बघितलं हो. खरं सांगा, तिथं फाटलं होतं ना नक्की?"

पुन्हा हशा. दाराशी मुलगी उभी होती, शेजारी तिच्या संस्थेच्या मोठ्या बाई. बाई कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारत होत्या. म्हाताऱ्याने 'तिथे नाही, मध्ये' एवढं म्हटलं असतं, तर चारचौघांत पोरगी खोटी पडली असती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"हो," तो म्हणाला. "तिथेच फाटलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला टाळ्या मिळाल्या, त्याही न केलेल्या कामाला. तो आणखी काही बोलणार, तोच वेळ संपली म्हणून व्हायोलिन सुरू झालं.

बाहेर आल्यावर मुलीने त्याचा हात धरला. "बाबा, मला कुठे वेळच मिळाला नाही हो. शेवटी अंदाजाने गोल घातला. बरोबर आला ना?"

"अगदी बरोबर. नजर माझ्यावर गेलीय तुझी."

ती लहानपणीसारखीच खुदकन हसली.

प्रदर्शन संपलं, शाल घरी आली. म्हाताऱ्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो लाल दोरा उसवला. जाड सुईने कापडाला भोकं पाडली होती. त्यांवरून तो बोट फिरवत बसला होता, तेव्हा फोन वाजला.

"बाबा, माझी नोकरी पक्की झाली! आणि शाल पुढच्या प्रदर्शनालाही हवीय, उद्या माणूस येईल न्यायला. तो गोल तेवढा काढू नका हं. लोक तोच बघतात."

"नाही काढत," तो म्हणाला.

मग त्याने शाल टेबलावर पसरली. त्याच्या डोळ्यांनाही दिसेल अशी जाड सुई घेतली आणि तिच्यात लाल दोरा ओवला. हात सवयीने मधल्या चौकोनावर गेला आणि तिथेच थांबला. इथे एक गोल घातला की काम झालं. मुलगी विचारेल, "हा इथे कसा?" मग कात्री, आईचं रडणं, ताप, सगळं तिला सांगावं लागेल. आणि नोकरी आत्ताच कुठे पक्की झालेली.

त्याने शाल सरकवली, कोपरा पुढ्यात घेतला आणि सुईच्या जुन्या भोकांवरूनच गोल पुन्हा शिवला. टाके मोठे मोठे घातले, लांबून दिसावेत म्हणून.