घोळीच्या कल्ल्यातलं जोडपं

सरांनी माझा हात मनगटाला धरला, बोटं स्वतःच्या नाकापाशी नेली आणि वर्गाकडे बघून एकच शब्द उच्चारला.

"सारसोळे."

खाडीकाठचा आमचा कोळीवाडा. अख्खी प्रयोगशाळा हसली. मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होतो. पहाटे आईबरोबर मासे निवडून, साबणाने हात घासून आलो होतो. वास गेला नव्हता. सर म्हणाले, "आधी बेसिनवर जा. मग याला माशांच्या उवा शोधायला बसवा. घरची सवय असेल."

लोक उवा म्हणतात, पण माशांच्या कल्ल्यांना चिकटणारे ते परजीवी कोळंबीचे लांबचे नातलग. कल्ल्यात रुतली की मादीचे पाय जवळजवळ नाहीसे होतात, अंगाची नुसती पिशवी होते. जुन्या अभ्यासकांनी त्यांना जंतांमध्ये टाकलं होतं. अंड्यातून पिल्लू निघालं, पोहायला लागलं, तेव्हा त्याचं खरं घराणं कळलं. वरवरचं रूप बघून कुळ ठरवू नये, हे या विषयात सुरुवातीलाच शिकवतात. सरांनीही शिकवलं होतं.

सरांची सगळी कीर्ती एका बारीकशा परजीवीवर उभी होती. तो त्यांना घोळ माशाच्या कल्ल्यात सापडला होता. त्याच कल्ल्यात पिशवीसारखा एक मोठा परजीवीही असायचा. सरांनी या दोघांना वेगवेगळ्या कुळांत बसवलं होतं आणि बारक्याला स्वतःच्या गुरूंचं नाव दिलं होतं.

पुढे पीएच.डी.ही त्यांच्याकडेच केली. घोळ आई विकायची, कल्ले मी न्यायचो. ती वैतागायची, "मासा सोरून कल्लं कनाला नेतस रं?" मी कल्ले उघडून बघत राहिलो. बारका कधीच एकटा सापडला नाही. प्रत्येक वेळी मोठीच्या अंगात आकडे रुतवून बसलेला. त्याच्या पोटात वीर्याच्या पिशव्या. ती दोन कुळं नव्हतीच. ती मादी होती आणि तो तिचा नर.

बाटली घेऊन सरांच्या खोलीत गेलो. दुसरे विद्यार्थी होते, एक पाहुणे प्राध्यापक होते. मी सगळं सांगितलं. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळासुद्धा लावला नाही.

"तुमच्याकडे एका खोलीत आई, बाप, काका, काकू सगळे झोपतात ना? म्हणून तुला कल्ल्यातही जोडपी दिसतात."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. बायकोशीही नाही. त्यांनी माझ्या आईबद्दल असं बोलावं आणि मी दात दाखवावेत.

"ओतून टाक ते," सर म्हणाले. मी ओतलं. प्रयोगशाळेतल्या त्याच बेसिनमध्ये. प्रबंधात दोन कुळं लिहिली. पदवी मिळाली, कॉलेजात नोकरी लागली, नेरूळला फ्लॅट झाला.

एवढंच असतं तर कदाचित गप्प मेलो असतो. पण मी तो विनोद पुढे चालवला. दरवर्षी हा धडा आला की वर्गाला सांगायचो, "एक मुलगा होता, खाडीकाठचा, एका खोलीत राहणारा..." वर्ग खळखळून हसायचा. तो मुलगा कोण, हे कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एका मुलीची पीएच.डी.ची व्हायवा होती. ती तुर्भ्याच्या वस्तीतली, वडील ट्रकवर हमाली करतात. विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. निवृत्त झालेल्या मला त्याने मानाने पुढच्या रांगेत बसवलं. मुलीने मोठी आणि बारका या दोघांची जनुकं तपासली होती. ती जुळत होती. हा एकच प्राणी आहे, दुसरं कुळ पुसून टाकायला हवं, असं ती म्हणाली.

प्रमुख खुर्चीत मागे रेलला.

"तुमच्या वस्तीत एका खोलीत सगळे झोपतात ना? म्हणून तुला कल्ल्यातही जोडपी दिसतात."

सभागृह हसलं. माझा विनोद होता तो. मीच शिकवलेला.

मुलगी हसली नाही. म्हणाली, "सर, यात हसायचं काय होतं? मला कळलं नाही. परत सांगा."

प्रमुख माझ्याकडे वळला. "सरांनी या दोन्ही कुळांवर आयुष्य घालवलंय. सर, तुम्हीच समजवा हिला."

मी उठलो. म्हणालो, "ती बरोबर आहे. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि खोटं लिहिलं. त्या गोष्टीतला खाडीकाठचा मुलगा मी आहे."

प्रमुख हळूच म्हणाला, "सरांना पाणी द्या रे. वय झालंय." व्हायवा पुढे ढकलली. नुसती जनुकं चालणार नाहीत, एकमेकांना चिकटलेलं जोडपं पुरावा म्हणून आणा, म्हणाले. माझा पुरावा मी कधीच गटारात सोडला होता.

बाहेर जिन्यात मुलीला गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं, तिने मला बोलूच दिलं नाही.

"तुम्ही तेव्हाच लिहिलं असतं ना सर, तर मला आज हे ऐकून घ्यावं लागलं नसतं. माझ्या आईबद्दल."

ती गेली. तिचं म्हणणं खरं आहे.

झोप लागत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात कंप. पण विद्यापीठाला कळवलं आहे: माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण खोटं आहे, पदवी काढून घ्यायची तर घ्या. ते उत्तर देत नाहीत. मी पुन्हा लिहीन. तिचा प्रबंध मंजूर होईपर्यंत लिहीन.

उद्यापासून सारसोळ्याच्या जेट्टीवर जाणार आहे. घोळ आता क्वचित येते. येईपर्यंत जाईन. कल्ले मागून घेईन, मादी काढीन, तिला चिकटलेल्या नरासकट बाटलीत घालीन. आणि जेट्टीवरून थेट विभागात जाऊन ती बाटली प्रमुखाच्या टेबलावर ठेवीन.

हात धुणार नाही.