चिंचोक्यांचा डबा

ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल, निदान अर्धी. लग्नघरात पंगत उठली की लोक मला हात धरून बसवतात, ‘ते अकोल्याचं सांगा!’ मी हातवारे करून सांगतो. लोक हसून डोळे पुसतात. आणि मी नेमका एका जागी थांबतो. त्यापुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा.

अमरावती तेव्हा मध्यप्रदेशात होती. मी बारा वर्षांचा. विष्णुमास्तर आम्हा आठ-दहा पोरांना पेटी शिकवायचे, त्यावरच त्यांचं घर चालायचं. बोटांना सवय लागली पाहिजे, अक्कल मागाहून येते — हे त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी युक्ती काढली होती. रविवारी प्रत्येकाला शंभर चिंचोके द्यायचे. घरी अलंकार एकदा वाजवला, की एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पुढच्या रविवारी शंभरच्या शंभर डब्यात हवेत.

माझा डबा कायम भरलेला! शनिवारी संध्याकाळी मी सगळे एकदम ओतायचो — खळ्ळ! वरून खोबरेलाचा हात फिरवायचो, म्हणजे आठवडाभर हाताळल्यासारखे चकाकायचे. आहे की नाही कलाकारी?

पण मास्तर वाजवूनही घेत असतील ना? घ्यायचे. इथे... इथे जरा अडखळतो मी. एका रविवारी माझं बोट भलत्याच पट्टीवर पडलं, आणि मास्तर म्हणाले, ‘शाबास!’ पुढच्या वेळी मुद्दाम चुकलो. ‘शाबास!’ मास्तरांना ऐकू येईनासं झालं होतं. ते बोटांचा वेग बघायचे, बोलणाऱ्याचे ओठ वाचायचे, आणि चिंचोक्यांवर विश्वास ठेवायचे. हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दया म्हणून? छे — सोय म्हणून.

मग अकोला. मामांच्या गल्लीतल्या गणपतीपुढे माझं वादन. मास्तर धुतलेला कोट घालून पहिल्या रांगेत. लय वाढली, माझी बोटं एकमेकांत अडकली, पेटी रेड्यासारखी रेकली, लोक हसून लोळले — आणि मास्तर मांडीवर ताल धरून मान डोलावताहेत, ‘वा! वा!’

इथे मी थांबतो. इथे टाळ्या पडतात.

पुढचं असं आहे. पडद्यामागे मामांनी माझा कान धरला. “काय बे, सालभर काय करून राहिला होता तू?”

कान सोडवायचा होता — एवढंच. म्हणालो, “रोज वाजवत होतो, मामा. डबा पाहा. मास्तरांलेच ऐकू येत नाही.”

मामा बाहेर गेले. मास्तरांच्या मागे उभं राहून त्यांनी जोरात टाळी वाजवली. मास्तर वळले नाहीत. दुसरी वाजवली. सगळे बघत होते. मास्तर गणपतीकडे बघून समाधानाने हसत होते.

बातमी अमरावतीला पोचली, आणि आठवड्याभरात शिकवण्या सुटल्या. सगळ्या. बहिऱ्याकडे पेटी शिकायला कोण पाठवील?

एका दुपारी ते आमच्या घरी आले. माझ्यासमोर उकिडवे बसले, डोळे माझ्या ओठांवर. “तुह्यावर राग नाही रे,” म्हणाले. “एवढंच सांग. ते शंभर खरंच वाजवत होता ना तू? वाजवत असशील, अन् तरी हात बसला नसंल, तर माही पद्धतच खोटी. मंग मी कोणालेच शिकवू नये.”

एक ‘नाही’ पुरलं असतं. त्यांना सगळं परत मिळालं नसतं. पण ती पद्धत त्यांची राहिली असती.

आई स्वयंपाकघरात होती. पेटी आठवडाभर झाकलेली असते, हे तिने रोज पाहिलं होतं. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी ‘हो’ म्हणालो — नुसत्या ओठांनी, आवाज न काढता.

मास्तरांना तेवढं पुरलं. “शाबास,” म्हणाले, आणि उठले.

त्याच महिन्यात ते दर्यापूरला, भावाच्या दुकानात जाऊन बसले. पुन्हा कुणाला शिकवलं नाही.

डबा माझ्याकडेच राहिला. त्यातले चिंचोके फोडून मी अष्टचंग्याचे फासे केले. चांगले पडायचे.