वरून ओतलेलं पाणी

पाटलानं मला उकिरड्यापाशी उभं केलं.

"हलू नगंस. तुज्यापायी विहीर उपसायला लागतीया. बघ डोळ्यानं."

मी बघत उभा राहिलो. चैताचं ऊन डोक्यावर. समोर पाटलाची मळ्यातली विहीर, पिण्याची. मोटेला बैल जुंपलेले. मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची, पाणी पाटानं उसात जायचं. त्या पाण्याला फिकट जांभळा रंग होता. तो रंग मी कालवला होता. त्याचीच शिक्षा चालली होती.

काष्टीच्या बाजारातून माणसं परतली ती पटकीची साथ घेऊन. गावात मढी पडायला लागली तेव्हा सरकारनं एक साहेब धाडला. त्याच्याजवळ लाल दवेचा डबा. ही दवा विहिरीत कालवली की पाणी जांभळं होतं, रंग उतरला की प्यायला चालतं, पटकीचं विष मरतं, असं साहेबानं चावडीपुढं सांगितलं. डबा वाहायला महारवाड्यातला माणूस पाहिजे होता. मी सातवी फायनल पास होऊन घरी बसलेला. मला बोलावलं.

रीत अशी होती. डबा माझ्या डोक्यावर. विहीर आली की मी लांब बसायचं. साहेबानं दवा बादलीत कालवायची, बादली आत सोडायची. डोक्यावरचा डबा बाटत नव्हता. बादलीचा दोर मात्र बाटणार होता.

पाटलाच्या विहिरीवर साहेबाला वाकता येईना. त्याच्या पायाला नारू झालेला, घोटा सुजून भोपळा. तो पुण्याकडचा, वैतागलेला. म्हणाला, तूच कालव आणि सोड रे. मी कालवली आणि सोडली. दोर हातात घेऊन बादली वरखाली केली, दवा चांगली मिसळावी म्हणून. कामच होतं ते. पाटलाच्या गड्यानं पाहिलं आणि बोंब मारली.

साहेबाला पाटील काही बोलला नाही. हात जोडून म्हणाला, तुमच्याकडं दोष न्हाई. लिंबाखाली घोंगडं टाकलं, चहा दिला. साहेब चहा प्यायला. बशीतून, फुंकून फुंकून. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

ती मोट कातड्याची होती. पाटलाचा बैल मेला तेव्हा माझ्या बापानं तो ओढून नेला होता, त्याचं कातडं सोललं होतं. तेच कातडं शिवून दिवसभर त्या विहिरीत बुडत होतं. त्यानं विहीर बाटली नाही. माझ्या हातानं बाटली.

दुपार कलली तशी आई आली. काखेत मातीची घागर. माझी बहीण तानी सकाळपासून घरी ओकत होती, जुलाबानं पार गळली होती. महारवाड्याला विहीर नाही. ओढ्याच्या वाळूत खड्डा करायचा, पाझरेल ते वाटीनं भरायचं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. वरच्या अंगाला गावाची ढोरं धुतात, मढ्यांचे कपडेही तिथंच धुतात. झिऱ्यातही दवा टाका, असं मी साहेबाला आदल्या दिवशीच म्हणालो होतो. तो म्हणाला, हुकूम विहिरींचा आहे, डबक्यांचा नाही.

घरी मी आईला सांगून ठेवलं होतं, लाल दवेचं पाणी चांगलं. ते पाटानं वाहतंय हे तिला कळलं म्हणून ती आली. पाटाकडं आली, पण पाटापासून लांबच उभी राहिली.

"मायबाप, वाहूनच चाललंय ते. लेक पडलीया. येक घागर घेती."

पाटील रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "तू हात घातलास तर पाट बाटंल. मग उसाला काय पाजू?"

गडी हसला. म्हणाला, तिच्या पोरानं विहीर बाटवली, आता आयेला पाट पाहिजे.

आईनं जमिनीला डोकं टेकवलं. लेकरू चुकलं, पदरात घ्या, म्हणाली. मी फक्त काम केलं होतं. रिकामी घागर घेऊन ती ओढ्याकडं गेली.

विहिरीचा तळ दिसला तेव्हा मोट थांबली. नव्या पाझरात गोमूत्र शिंपडलं. विहीर शुद्ध झाली. दवा उसात गेली.

दिवस मावळायच्या आत तानी गेली. शेवटपर्यंत पाणी मागत होती. आईनं झिऱ्याचंच पाजलं, पदराच्या दुहेरी घडीतून गाळून. दुसरं पाणी नव्हतं.

पुढं नगरला दवाखान्यात कामाला लागलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, ती घागर मिळाली असती तर तानी वाचली असती का? बाईंनी खोटं सांगितलं नाही. दवेचं पाणी दुखणं यायच्या आधी प्यायचं असतं, म्हणाल्या. म्हणजे ती घागर तानीसाठी नव्हतीच. आईसाठी होती. आईही झिऱ्याचंच पाणी पीत होती. तिला पटकी उशिरा लागली. त्याच आठवड्यात गेली.

पाटलाची थोरली सूनही त्याच पटकीत गेली. शुद्ध केलेल्या विहिरीचं पाणी पिऊन. मला त्याचा आनंद झाला नाही. विहीर उपसायची का, हे त्या पोरीला कुणी विचारलं होतं?

दवाखान्यात मी पाणी उकळायला शिकलो, ते झाकायला शिकलो, तपासणीचा नमुना घ्यायला शिकलो. सुट्टीला आमच्या लोकांच्या सभेत जायचो, पत्रकं वाटायचो. गावापुढं वाकून जोहार घालायचं सोडलं. मग तालुक्याचा हुकूम निघाला, खाजगी विहिरीही तपासा. त्या कामाला मी आमचं गाव मागून घेतलं.

पाटील आता थकलेला. मला ओळखलं. मी नमस्कार केला, जोहार नाही. ते त्याच्या ध्यानात आलं. जुना गडी म्हणाला, "तपासाया आलाय का बाटवाया?" लोक हसले.

पाटील म्हणाला, "शिकलास, बरं झालं. बाटली ठिव खाली. गडी वरून वततो."

ओंजळ धरून खाली बसलेली आई माझ्या डोळ्यापुढं आली. आजी दिसली. गावात जिथं जिथं आम्ही पाणी प्यालो, ते कुणीतरी वरून ओतलेलं. ओतणाऱ्याच्या मर्जीनं.

मी म्हणालो, "वतलेलं पाणी तपासणीला चालत न्हाई, पाटील. बादलीची घाण त्यात येती, हाताची येती. बाटली मीच सोडणार."

"आन् मी न्हाई म्हनलं तर?"

"तर आज रिकामी नेतो. उद्या सगळा महारवाडा घेऊन येतो, बाटली सोडायला."

कुणी हसलं नाही. मी काठावर गेलो. उकळून घेतलेली बाटली, तिला दगड बांधलेला, बुचाला वेगळी दोरी. आत सोडली. बुडल्यावर बूच ओढलं. बुडबुडे वर आले. बाटली भरली.

मागून पाटील म्हणाला, "पुन्ना उपसावी लागंल."

"उपसा. मी पुन्हा येईन."

बाटली तपासायला पुण्याला गेली, तिथून उत्तर आलं. पाणी पिण्यालायक नाही, विहिरीत शेणामुताची घाण झिरपते आहे. मला जिथं उभं केलं होतं तो उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. अजून तिथंच आहे. पाटलाची नातवंडं ते पाणी पितात.

उकिरडा हलवायला लावीन. विहिरीत दवाही टाकीन, माझ्या हातानं. ती उपसली तर पुन्हा टाकीन. पण एवढ्यावर थांबणार नाही. ज्या विहिरीचं पाणी मी तपासतो, त्या विहिरीचं पाणी मी भरणार. आईची घागर घरात आहे. काठ जरा उडालाय, गळत मात्र नाही.

बाटली सोडून झाली. आता घागर सोडायची.