रविवारची बुआ

मकान विकायला काढलं तेव्हा डीलरने पहिला दोष मकानात नाही, माझ्यात काढला.

"मकान तो बढ़िया है काका," तो म्हणाला, "पर इसमें आप अकेले दिखते हो."

त्याचं म्हणणं असं की एकट्या माणसाचं घर लोक घेत नाहीत. बघायला आलेली बाई विचारते, बाकीचे कुठे गेले? एकदा तिच्या मनात पाल चुकचुकली की सौदा संपला.

आता बाकीचे मी आणू कुठून? बायको वर गेली, मुलगा पुण्याला गेला, आणि दोघांत फोन फक्त मुलगा करतो. तोही रविवार सोडून, रविवारी त्याला सुट्टी असते. त्याचंच चाललं होतं, बाबा, विका आणि इकडे या. मी हो म्हटलं. नाही म्हणायची मला आदतच नाही. शाळेत मास्तर म्हणाले बाहेर उभा राहा, तर तेही हो म्हटलं, आणि उभ्या उभ्या घरी निघून आलो. शिक्षण तिथंच संपलं. मग माणसं नेणारा टेम्पो चालवला, कंपू ते फूलबाग, फूलबाग ते कंपू. आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले म्हणे, मोठ्या लढाया मारल्या. मी स्टँडवर सवारीसाठी लढलो, आणि बहुतेक वेळा हरलो.

डीलर माझ्या मुलाच्याच वयाचा. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो, तेच त्याचं ऑफिस. त्याची एक तरकीब होती. रविवारी संध्याकाळी ग्राहक आणायचे, आणि त्याच्या आधी स्वतःच्या बुआला, म्हणजे आपण आत्या म्हणतो तिला, त्या घरात आणून बसवायचं. बुआ विधवा, राहायची त्याच्याकडेच. ती आली की आधी खिडक्या उघडायची, दोरीवरची माझी फाटकी बनियन उचलून पलंगाखाली फेकायची, मग गॅसवर डाळ चढवायची. ग्राहकाच्या चपला दारात वाजल्या की वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. फोडणीचा वास आला की माणसाला वाटतं, हे घर चालू आहे.

मला ही गोष्ट लगेच पटली. रिकाम्या टेम्पोत कुणी चढत नाही. मी पण स्टँडवर एका दोस्ताला फुकट मागे बसवून ठेवायचो.

पहिल्याच ग्राहकाच्या बायकोने विचारलं, या कोण? डीलरने मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण माझी जीभ माझ्या आधी उठते. मी म्हटलं, मोठी बहीण. ते लोक गेल्यावर बुआ रसोईतून बाहेर आली.

"बड़ी काहे को? छोटी बोल देते."

ग्राहक जायचे, डाळ राहायची. डीलर त्यांना सोडायला जायचा, आणि तो परत येईपर्यंत आम्ही दोघं जेवायचो. बुआ जेवताना मला बोलायची. शर्टाचं बटण कुठे आहे, इतकं मीठ कशाला घेता, या वयात असं मांडी मोडून बसतात का. मला फार बरं वाटायचं. हप्ताभर घरात मला कुणी काही बोलत नाही. चांगलं तर नाहीच, वाईटसुद्धा नाही.

मग मला भीती वाटायला लागली की मकान विकलं जाईल.

म्हणून ग्राहक आला की मीच सांगायला लागलो. मागच्या भिंतीला सीलन आहे, हात लावा, हात ओला होईल. उन्हाळ्यात पहाटे मोटर लावली नाही तर दिवसभर पाणी नाही. माकडं येतात, आणि मला घरचा समजतात. न्हाणीघराचं दार मी स्वतः बसवलं, त्यामुळे ते उलटं उघडतं. लोक हसायचे, चहा प्यायचे, जायचे. डीलर कपाळ धरून बसायचा. बुआ मात्र पुढच्या रविवारी डाळ घेऊन हजर.

असंच एकदा एक मराठी जोडपं आलं, भाड्याच्या घराला कंटाळलेलं. त्यांना मी सगळं सांगितलं, वर जोडून दिलं की माझं घोरणं या भिंतींत मुरलंय, चुना लावून जाणार नाही. तो माणूस हसला नाही. सीलनवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, इतकी मकानं बघितली, सगळ्यांनी अशा भिंतीपुढे कपाट लावलेलं," तो म्हणाला. "तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. आम्ही हेच घेतो."

बयाना तिथल्या तिथे दिला. जन्मभर स्वतःवर विनोद केले, एका विनोदाचा पैसा आला तो असा.

डीलर खूश, त्याला पेढे आणायची घाई. बुआने हिंगाची डबी पदराला पुसली आणि पिशवीत टाकली. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

"अगले इतवार हरिशंकरपुरम में है," ती दाराकडे बघत म्हणाली. "दाल ढकी है, गरम कर लेना."

रजिस्ट्री व्हायची होती, तोवर घर माझंच होतं. पुढच्या रविवारी त्यात बसून बघितलं. खिडक्या मीच उघडल्या, बनियनसुद्धा पलंगाखाली फेकली. मग धुतलेला शर्ट घातला आणि दुसऱ्याच्या टेम्पोत सवारी होऊन हरिशंकरपुरमला गेलो. डीलरची स्कूटर एका दारासमोर दिसली. मी ग्राहक होऊन आत शिरलो.

डीलरने आ वासला. पण आत ग्राहक आधीच बसलेला बरा, हे त्याला कळतं. "आइए साहब," तो म्हणाला. साहब मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. घराचा मालक एक म्हातारा, इस्त्रीच्या शर्टात अंग चोरून कोपऱ्यात बसलेला. त्याचीही बनियन पलंगाखालीच असणार.

हिंगाचा वास आला. पाठोपाठ हात पुसत बुआ. तिने मला बघितलं, पापणी हलवली नाही. घरची बाई नव्या माणसाला विचारते तसंच विचारलं.

"परिवार में कौन-कौन है आपके?"

माझी जीभ पहिल्यांदाच माझ्यामागे राहिली. म्हातारा बघत होता, डीलर बघत होता.

"एक बड़ी बहन है," मी म्हटलं. "इतवार को आती है."

"छोटी होगी," बुआ म्हणाली, आणि आत जाऊन तिने डाळीत पाणी वाढवलं.